आधी पाहायचं, मग म्हणायचं

(बीरगांव, रायपूर. भर दुपार. रामकृष्ण आणि शारदा पलंगावर; पुढ्यात टॅब आणि त्याच्या शेजारी स्पीकरवर टाकलेला फोन. फोनवर परदेशातली मुलगी पूर्णिमा, तिला नवऱ्याला, परागला, हॉस्पिटलमधून आणायचं आहे.)

पूर्णिमा : ...टॅक्सी आज येईल हो बाबा. उद्या? परवा? परागचा पाय प्लास्टरमधून निघेपर्यंत काय टॅक्सीच करत बसू? लायसन्स काढून ठेवलं आहे, गाडी दारात उभी आहे, आणि मी नुसतं तिच्याकडे पाहत पाहत गरोदरपणाचा सातवा महिना गाठला. आज नाही चालवली न, तर मी कधीच नाही चालवणार.

शारदा : पण बर्फ पडून राहिला न तुमच्या गावात. पराग बर्फावरूनच तर घसरला.

पूर्णिमा : आई, तो फुटपाथवर घसरला. रस्ता साफ करून जातात इथं. सकाळी मी उठायच्या आधी मशीन येऊन जाते. बाबा, तुम्ही आहात न?

रामकृष्ण : आहो न. बोल.

पूर्णिमा : टॅबवरच्या नकाशात मी दिसून राहिली का? निळा ठिपका. आणि त्याच्यापासून हॉस्पिटलपर्यंत निळी लाइन.

रामकृष्ण : हव.

पूर्णिमा : दिसते न नक्की?

रामकृष्ण : दिसते म्हटलं न. पुढं सांग.

पूर्णिमा : मग बस, मले तेवढंच पाहिजे. काय होते, फोनमधल्या नकाशाकडे पाहिलं की रस्ता सुटते आणि रस्त्याकडे पाहिलं की वळण सुटते. तुम्ही नकाशाकडे पाहा, मी समोर पाहते. इथं सगळं उलटं आहे, बाबा. आपण डाव्या हातानं चालतो, हे उजव्या. स्टिअरिंग डावीकडे. वळायचं म्हणून मी इंडिकेटर द्यायला जाते तर वायपर चालू होते. भर उन्हात वायपर चालवत चालवत गेली मी एक दिवस.

शारदा : आणि कोणी काही म्हटलं नाही?

पूर्णिमा : तेच तर दुःख आहे आई! कोणी काही म्हणतच नाही. हॉर्न नाही, शिवी नाही. नुसतं पाहतात आणि थांबून राहतात. आपल्याकडे कसं, टाटीबंधच्या चौकात चुकलं की ट्रकवाला काच खाली करून सांगते तरी, की दीदी, असं असं चुकलं. इथं माणसाले कळतच नाही आपण काय केलं ते.

रामकृष्ण : ऐक. आपण असं करू. तू गाडीची पायलट, मी असिस्टंट. समोर जे दिसते ते मोठ्यानं म्हणायचं. सिग्नल आला, सिग्नल म्हण. लाल तर लाल, हिरवा तर हिरवा. मी मागून म्हणीन. रेल्वेच्या इंजिनात आम्ही तेच करत होतो. तोंडानं म्हटलं की मन इकडं तिकडं पळत नाही.

पूर्णिमा : माहीत आहे मले. स्कूटरवर समोर उभं करून नेत होते तेव्हा पण माझ्याकडून म्हणवून घेत होते तुम्ही. अख्खा बाजार आपल्याकडे पाहे.

रामकृष्ण : पाहू दे. कधी धडकलो का आपण?

पूर्णिमा : नाही, ते तर खरं आहे. बरं, काचेवर बर्फ जमला आहे, खरवडून येते. फोन सीटवर ठेवते. कट नका करू हं, परत लागला नाही तर माझा धीर जाईल.

शारदा : टोपी घाल डोक्यावर!

पूर्णिमा : घातली आहे आई.

शारदा : ...गेली का?

रामकृष्ण : दार वाजलं. गेली.

शारदा : काय हो, निळा ठिपका दिसून राहिला तुमाले?

रामकृष्ण : हळू बोल.

शारदा : पुढ्यातला चहाचा कप दिसत नाही आणि ठिपका दिसते म्हणे! सांगून टाका आता तिले. मले नाही होत हे रोजचं.

रामकृष्ण : आत्ता सांगू? सातवा महिना, परक्या मुलखात पहिल्यांदा एकटी गाडी काढून राहिली, आणि मी म्हणू, बेटा, तुझ्या बापाचे डोळे गेले? कुठं नेऊन ठोकेल ती गाडी.

शारदा : मग खोटं बोलून तरी काय होणार आहे? नकाशा कोण पाहील?

रामकृष्ण : तू पाह. जसं व्हिडिओ कॉलवर करतो आपण, तसंच. तू माझ्या कानात सांग, मी मोठ्यानं म्हणतो.

शारदा : व्हिडिओवर काय, पोरीनं कोणता कुर्ता घातला तेवढं सांगा लागते. निळा म्हटलं की झालं. हे वेगळं आहे. मले इंग्रजी येत नाही.

रामकृष्ण : रेघ दिसते न? सरळ चालली का वळली, एवढंच सांग.

शारदा : आणि असं कधीपर्यंत? डॉक्टरनं सांगतलं न, काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. आहे ते पण कमीच होईल. एप्रिलमध्ये विमानात बसायचं आहे आपल्याले. तिथं उतरल्यावर तिले दिसणार नाही का, बाप भिंती चाचपून राहिला ते?

रामकृष्ण : मी जाणारच नाही आहो. तिकीट निघू दे एकदा. मग आयत्या वेळेले म्हणीन, कंबर धरली, तू हो पुढं. तिकीट फुकट जाते म्हटल्यावर तू जाशील.

शारदा : वा! आणि तुमाले इथं कोणाच्या भरवशावर टाकू? परवा तव्यावर हात टेकला, अजून फोड बसला नाही.

रामकृष्ण : मी शिकून राहिलो न. पलंगापासून मोरीपर्यंत एकटा जातो आता. दोन महिन्यात सगळं घर हाताखालून जाईल.

शारदा : घर हाताखालून जाईल म्हणे.

रामकृष्ण : शारदा, सासू नाही तिले. जाऊ नाही, नणंद नाही. पहिलं बाळंतपण आहे. माहेरचं माणूस पाहिजे का नको?

शारदा : माझ्या पोटातलं मलेच सांगून राहिले तुम्ही. मले वाटत नाही का जावं? डिंक आणून ठेवला आहे, खारका फोडून ठेवल्या. रात्री पडल्या पडल्या मी तिच्या घरी जाऊन येते. पण तुमच्याकडे पाहिलं की—

रामकृष्ण : चूप. दार वाजलं.

पूर्णिमा : आली! बोटं गेली माझी. बाबा, निघू?

रामकृष्ण : आरसे पाहिले?

पूर्णिमा : पाहिले. बेल्ट लावला, पोटाच्या खालून. निघाली मी. आता बोलायचं न? गल्ली आहे. गल्लीच्या तोंडाशी थांबून राहिली. उजवीकडून एक गाडी येऊन राहिली.

रामकृष्ण : उजवीकडून गाडी.

पूर्णिमा : इथं उजवीकडून येईल त्याले आधी सोडा लागते. मोठा रस्ता असो की छोटा. गेली ती. आता मी.

शारदा : सरळ. सरळ आहे रेघ.

रामकृष्ण : सरळ जाऊ दे.

पूर्णिमा : सरळ. सिग्नल आला. लाल.

रामकृष्ण : लाल.

पूर्णिमा : उभी आहे. बाजूले एक बाई आहे, कुत्रा मागच्या सीटवर बसला आहे, त्याले पण बेल्ट. हिरवा!

रामकृष्ण : हिरवा. चल.

पूर्णिमा : बाबा, सच में बरं वाटून राहिलं. कोणी तरी बाजूले बसल्यासारखं वाटते. गोल चौक आला.

शारदा : इथं रेघ अशी वाटीच्या कडेनं गेली आहे. अर्धी वाटी फिरून वरून निघते.

पूर्णिमा : आई काय म्हणून राहिली?

रामकृष्ण : काही नाही, भांडे आवरून राहिली. अर्धा गोल घे आणि समोरून निघ. घुसू नको हं जयस्तंभ चौकात घुसतो तशी. आत फिरून राहिले त्यांले आधी जाऊ दे.

पूर्णिमा : जाऊ देऊन राहिली. संपतच नाही आहेत हे लोक. मागं लाइन लागली माझ्या. बाबा, सगळे माझ्यासाठी थांबून आहेत.

रामकृष्ण : थांबू दे. त्यांच्या घरी काय लग्न आहे का? जागा मिळाली की निघ.

पूर्णिमा : निघाली... निघाली! समोरून बाहेर आली. हुश्श. पाठ पूर्ण घामानं भिजली माझी, बाहेर बर्फ आहे आणि मले घाम.

शारदा : पाणी आहे का जवळ तिच्या?

पूर्णिमा : आहे आई, पण पिऊ कशी, दोन्ही हात चिकटले आहेत स्टिअरिंगले. झेब्रा. म्हातारा उभा आहे. थांबली.

रामकृष्ण : झेब्रा. म्हातारा.

पूर्णिमा : गेला. हात दाखवून गेला मले. आता रूळ आले, बाबा. ट्रामचे. रस्त्याच्या मधातच आहेत.

रामकृष्ण : रूळ? त्याच्यावर चाक नको नेऊ. ओले रूळ असले की चाक घसरते.

पूर्णिमा : बाजूनंच चालली आहे.

शारदा : अहो, बेल वाजली. सिलेंडरवाला असेल. नाही घेतला तर तो पुढच्या वस्तीत, उरल्याकडे निघून जाईल, मग दोन दिवस नाही येत. तुम्ही थांबवा तिले जरासं.

रामकृष्ण : शारदा... शारदा, जाऊ नको—

पूर्णिमा : काय झालं?

रामकृष्ण : काही नाही. सिलेंडर आला. तू हळू चाल.

पूर्णिमा : हळूच चालली आहे. पुढं चौक दिसून राहिला मोठा. तीन रस्ते फुटतात. बाबा, कोणता?

रामकृष्ण : सिग्नल कसा आहे?

पूर्णिमा : हिरवा आहे, पण जायचं कुठं? नकाशात काय आहे? लवकर सांगा, मागं बस आहे.

रामकृष्ण : तुले काय वाटते?

पूर्णिमा : मले डावीकडे वाटते. नावाची पाटी तशीच आहे काहीतरी. डावीकडे न?

रामकृष्ण : डावीकडे.

पूर्णिमा : पक्कं?

रामकृष्ण : हव. डावीकडे.

पूर्णिमा : वळली. डावीकडे... बाबा, हे काय, इथं गाड्याच नाहीत. नुसते रूळ आहेत. दोन्हीकडे दगड लावले आहेत, वळायले जागा नाही. बाबा, हा रस्ताच नाही आहे!

रामकृष्ण : थांब.

पूर्णिमा : समोरून ट्राम येऊन राहिली!

रामकृष्ण : थांब म्हटलं न! ब्रेक. मागं नको घेऊ, मागं काय आहे तुले माहीत नाही. दोन्हीकडचे इंडिकेटर लाव. लाइट दे त्याले, चालू-बंद, चालू-बंद.

पूर्णिमा : घंटी वाजवून राहिली ती... ऐकू येते?

रामकृष्ण : येते. ऐकू येते मले. त्याले लागते वेळ थांबायले, तो जाणूनबुजून येऊन नाही राहिला. लाइट देत राह. बेल्ट काढ. दार उघड. थांबली नाही तर उतर, गाडी जाऊ दे चुलीत. पूर्णिमा? पूर्णिमा, बोल! अवं बोल न!

शारदा : काय झालं? काहून ओरडून राहिले तुम्ही?

रामकृष्ण : पूर्णिमा!

पूर्णिमा : थांबली. ट्राम थांबली, बाबा.

रामकृष्ण : किती पुढं?

पूर्णिमा : आहे अंतर. एक ट्रक राहील मधात. ड्रायव्हर उतरून राहिली. बाई आहे. माझ्याकडे येऊन राहिली. थांबा जरा.

शारदा : सांगा न मले काय झालं!

रामकृष्ण : रुळावर गेली ती.

शारदा : कशी काय गेली? रेघ तर सरळ होती. मी उठली तेव्हा सरळच होती, पार वरपर्यंत.

रामकृष्ण : सरळ होती?

शारदा : हव न. हे पाह... तुमाले काय दाखवू. सरळ आहे, ठिपका तेवढा रेघ सोडून बाजूले गेला आहे.

रामकृष्ण : म्या घातली तिले रुळावर. म्या घातली, शारदा.

पूर्णिमा : बाबा, निघाली बाहेर. त्या बाईनं हातानं दाखवून दाखवून मले मागं घ्यायला लावलं. काही बोलली नाही. पोटाकडे पाहिलं आणि पाणी पाहिजे का म्हणून विचारलं. ट्राममधले सगळे लोक खिडकीतून पाहत होते. मी आता एका दुकानापुढं लावून उभी आहे.

शारदा : बाळ हलून राहिलं का? हात ठेवून पाह.

पूर्णिमा : हलून राहिलं आई. चांगल्या लाता मारून राहिलं. बाबा, पण तुमच्या नकाशात डावीकडे कसं होतं? माझ्या फोनमध्ये आता पाहिलं तर सरळ आहे.

रामकृष्ण : नकाशात डावीकडे नव्हतं.

पूर्णिमा : मग?

रामकृष्ण : तू डावीकडे म्हणली, म्हणून म्या म्हटलं डावीकडे.

पूर्णिमा : मतलब? तुम्ही पाहिलं नव्हतं?

रामकृष्ण : नाही.

पूर्णिमा : काहून? तुम्ही तर... बाबा, तुम्हीच शिकवलं न, आधी आपल्या डोळ्यानं पाहायचं, मग म्हणायचं. नाही तर दोन माणसं इंजिनात कशाले बसवतात, एकानंच भागलं असतं. किती वेळा सांगायचे तुम्ही. एका असिस्टंटले तुम्ही गाडीतून उतरवलं होतं त्याच्यावरून.

रामकृष्ण : उतरवलं होतं. तो न पाहता हिरवा हिरवा म्हणे. आज म्या तेच केलं. दिसलं नाही तर लाल समजायचं, एवढं मले म्हणता आलं असतं. दिसत नाही, थांब. दोन शब्द. ते नाही निघाले तोंडातून.

पूर्णिमा : दिसलं नाही म्हणजे? टॅब बंद झाला होता का?

रामकृष्ण : टॅब चालू आहे. मले दिसत नाही, बेटा. डोळे गेले माझे.

पूर्णिमा : काय बोलून राहिले तुम्ही? आई?

शारदा : हव. काचबिंदू आहे. खूप आतून वाढला, कळलंच नाही. उजवा तर गेलाच. डाव्यानं उजेड कळते, माणूस आला गेला कळते, बस.

पूर्णिमा : कधीपासून?

शारदा : दिवाळीच्या आधीपासून.

पूर्णिमा : दिवाळीच्या आधीपासून! आणि मी दर रविवारी व्हिडिओ करते. बाबा म्हणतात, पूर्णिमा, गालावर तेज आलं आहे. बाबा म्हणतात, पिवळा रंग शोभते तुले.

रामकृष्ण : तुझी आई सांगे मले.

पूर्णिमा : गालावर तेज आलं, हे पण?

रामकृष्ण : ते म्या मनानं म्हटलं. यायलाच पाहिजे न तेज. तुझ्या आईले आलं होतं.

पूर्णिमा : माझ्याशी असं करायचं का, बाबा? मी काय परकी आहो का? मले राग येऊन राहिला, खूप राग येऊन राहिला, आणि तुमच्यावर रागवता पण येत नाही. रडायले पण वेळ नाही मले. पराग तिकडं गेटवर येऊन बसला असेल.

रामकृष्ण : रागव. हक्क आहे तुझा. तुले सांगतलं असतं तर तू आईले बोलावलं नसतं. आणि हिनं पाय उचलला नसता. म्हटलं तिकीट निघेपर्यंत दाबून ठेवू. मी ठीक राहीन इथं.

शारदा : ठीक राहतील म्हणे! परवा तव्यावर हात टेकला. त्याच्या आधी गॅस चालूच ठेवला, पेटवला नाही नुसता. मी बाजूच्या खोलीत होती म्हणून वास आला. आता सगळं सांगतेच मी. पोटात ठेवून ठेवून थकली.

पूर्णिमा : थांब आई, पाणी पिते.

शारदा : ऐकून राहिली का, बेटा?

पूर्णिमा : ऐकून राहिली. आई, तू टॅबसमोर आहे न?

शारदा : आहे.

पूर्णिमा : तुले मी दिसते?

शारदा : दिसते. निळा ठिपका, एका जागी उभा आहे. बाजूले मोठं निळं आहे काहीतरी, आपल्या तेलीबांध्याच्या तळ्यावाणी.

पूर्णिमा : नदी आहे ती. बरोबर आहे. मग तू सांग मले रस्ता.

शारदा : मी? मले त्यातलं काय कळते? डावं उजवं होते माझं. इथंच ऑटोवाल्याले चुकीचं सांगते मी.

रामकृष्ण : सांग तू. टॅब हातात घे. ठिपका जिकडं जाऊन राहिला तिकडचं टोक वर कर. ती वळली की टॅब पण वळव. तिचं डावं ते तुझं डावं राहील.

शारदा : असं का? थांबा... हव. आता तिची रेघ वर चालली आहे.

रामकृष्ण : आणि पाहिल्याशिवाय बोलू नको. वेळ लागला तर लागू दे. ती थांबेल.

पूर्णिमा : थांबीन मी. मागं कितीही गाड्या राहू दे. निघू, आई?

शारदा : निघ. सरळ आहे. पार सरळ आहे, मग एक वळण, मग आपलं हॉस्पिटल, लाल खूण आहे तिथं.

पूर्णिमा : सरळ. सिग्नल आला. हिरवा. बाबा?

रामकृष्ण : मी कशाले आता.

पूर्णिमा : बोला न. तुमचा आवाज पाहिजे मले. तुम्ही काही सांगू नका. मी म्हटलं तेच नुसतं म्हणा. मले माहीत आहे आता की तुम्हाले दिसत नाही. आता त्याच्यात खोटं काही नाही.

रामकृष्ण : हिरवा.

शारदा : वळण जवळ आलं. थांब, मी टॅब सरळ करते. उजवीकडे. हव, उजवीकडेच. माझ्या जेवायच्या हाताकडे.

पूर्णिमा : उजवीकडे. वायपर... नाही, इंडिकेटर लागला. वळली.

रामकृष्ण : वळली.

शारदा : अगं बाई, ठिपका वळला! माझ्या डोळ्यासमोर वळला. आता थोडंच राहिलं. आली, आली... लाल खुणेजवळ आली.

पूर्णिमा : पोचली. पार्किंग आहे. आडवी लागली गाडी, दोन जागा खाल्ल्या, पण लागली. पराग दिसून राहिला. चाकाच्या खुर्चीत बसून कुबडी हलवून राहिला, म्याड.

शारदा : सुखरूप पोचली माझी बाई.

रामकृष्ण : हँडब्रेक लाव.

पूर्णिमा : लावला. आई, ऐक. उतरायच्या आधी सांगते, त्याच्यासमोर मले बोलता येणार नाही. एप्रिलची तिकिटं मी नाही काढत.

रामकृष्ण : काढ. एक काढ, हिच्या नावाचं. मी मीनलताईच्या घरी जाऊन राहतो नागपूरले, महिनाभर ठेवून घेईल ती मले.

पूर्णिमा : मीनल आत्या स्वतः काठी घेऊन चालते, बाबा. कोण कोणाले धरील? नाही. इथं नर्स घरी येऊन पाहून जाते. परागले सुट्टी मिळते, बाळाच्या बापाले पण देतात इथं. तसंही पाय वर करून बसलाच आहे तो, मांडीवर बाळ दिलं की कामाले येईल. आणि गाडी आता मी चालवते.

शारदा : पूर्णिमा, तेल कोण लावील तुले? पोराले अंघोळ कोण घालील? आपल्यात आई जातेच न पोरीजवळ.

पूर्णिमा : तू फोनवर सांगशील, मी घालीन. आज सांगितलं तसंच. तू बाबांजवळ राहा. चल, ठेवते. परागचं नाक लाल झालं थंडीनं. घरी पोचली की मिस कॉल देते.

रामकृष्ण : सांभाळून—

शारदा : ठेवला तिनं.

रामकृष्ण : रडून राहिली होती काय? आवाजावरून मले उमगलं नाही.

शारदा : नाही रडली. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी करे तसा आवाज केला होता.

रामकृष्ण : तू जोर द्यायचा होता, शारदा. मी येतेच म्हणून ठणकावून सांगायचं होतं.

शारदा : चहा टाकू का तुमाले?

रामकृष्ण : मी काय म्हणून राहिलो? तू हो, मी येते म्हटलं असतं, तर ऐकलं असतं तिनं.

शारदा : हो म्हणायची तयारी होती माझी. नाही म्हणायची पण होती. तिनं मले विचारलंच नाही.